पुटपुटू द्या त्याला

पत्र

माझा मुलगा चिनू (घरातलं नाव) सव्वासात वर्षांचा आहे, दुसरीत शिकतो. आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. मी नौपाड्यात नोकरी करते, मिस्टर बीकेसीला असतात. घरी सासूबाई आहेत. चिनूचं कशातच लक्ष नसतं. जूनपासून पाण्याच्या तीन बाटल्या हरवल्या. "बूट जागेवर ठेव, हात धू आणि डायरी आण" म्हटलं की बूट ठेवतो आणि तिथेच खेळत बसतो. अभ्यासाला दहा मिनिटं धड बसत नाही. बसला तरी सतत पुटपुटत असतो, मग बाबा ओरडतात, "मनात वाच!" पण ठाण्यापासून सीएसएमटीपर्यंतची सगळी स्टेशनं त्याला ओळीने पाठ आहेत, उलटीसुद्धा. म्हणजे डोकं आहे आणि मुद्दाम करतो, असंच ना? सासूबाई म्हणतात, याच्या बाबाला या वयात तीसपर्यंत पाढे यायचे.

दुसरी गोष्ट जास्त लागली. सासरे गेले तेव्हा चिनू तीन वर्षांचा होता. आम्ही तेव्हा चरईत राहायचो आणि ते रोज संध्याकाळी त्याला तलावपाळीवर, ठाण्यातल्या तलावाकाठी, न्यायचे. परवा त्याला विचारलं, आजोबा आठवतात का, तर सरळ "नाही" म्हणाला. सासूबाई रडल्या. तेव्हापासून मला भीती वाटतेय की त्याच्या स्मरणशक्तीतच काही कमी आहे. जवळ एक क्लास आहे, तीन महिन्यांत एकाग्रता आणि स्मरणशक्ती वाढवून देतो म्हणतात. फी अठरा हजार. घालू का?

– एक आई, कासारवडवली

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली एक ओळ आधी बाजूला काढते: "सतत पुटपुटत असतो." तुम्ही ती तक्रारींमध्ये लिहिली आहे. मला मात्र सगळ्या पत्रात हीच ओळ सर्वांत आशेची वाटली. आज संध्याकाळी चिनूच्या बाबांना एवढंच सांगा, की "मनात वाच" हे वाक्य तूर्त बंद. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं बरीचशी त्यातूनच निघतात.

१९६६ मध्ये अमेरिकेत जॉन फ्लेव्हेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर लहान मुलांवर एक प्रयोग केला. मुलासमोर सात चित्रं ठेवायची, त्यातल्या काहींवर एकामागून एक बोट ठेवायचं, आणि थोडं थांबून मुलाने त्याच क्रमाने ती चित्रं दाखवायची. मधल्या पंधरा सेकंदांसाठी मुलाच्या डोक्यावर अंतराळवीराचं खेळण्यातलं हेल्मेट असायचं. त्याची काच डोळ्यांवर ओढली की मुलाला चित्रं दिसायची नाहीत, पण समोर बसलेल्या माणसाला मुलाचे ओठ दिसायचे. आणि तो माणूस ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखायला शिकलेला होता. त्या पंधरा सेकंदांत मुलं चित्रांची नावं स्वतःशी घोकतात का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पाच वर्षांच्या वीस मुलांपैकी फक्त दोघं घोकत होती. दुसरीतल्या वीस मुलांपैकी बारा. पाचवीतल्या वीसपैकी सतरा.

म्हणजे एखादी गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती तोंडात घोळवत राहायची, ही आपल्याला जन्मजात वाटणारी गोष्ट मुलं पाच ते दहा या वयात हळूहळू कमावतात. चिनू दुसरीत आहे, बरोब्बर त्या वाटेच्या मध्यावर. त्याच्या वयाच्या काही मुलांना अजून ही युक्ती सुचलेलीच नसते. त्याला सुचली आहे.

रशियातले लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी तर याच्याही आधी, जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी, मुलांच्या या स्वतःशी बोलण्यावर फार बारकाईने लिहून ठेवलं. अवघ्या ३७ व्या वर्षी, १९३४ मध्ये ते गेले, पण मुलांबरोबर काम करणारी माणसं आजही त्यांच्याकडे वळतात. त्यांचं म्हणणं असं, की आधी मोठी माणसं मुलाला शब्दांनी वळण लावतात, "हळू, सांडेल". मग मूल तेच शब्द स्वतःला मोठ्याने सांगतं. मग पुटपुटतं. आणि शेवटी ओठ मिटतात, शब्द आत जातात, त्यालाच आपण विचार करणं म्हणतो. काम जितकं अवघड तितकं पुटपुटणं वाढतं. मी शाळेत अनेक वर्षं लहान वर्गांबरोबर काम केलं आहे, आणि कात्रीने कागद कापताना "रेषेवर, रेषेवर, आता वळ" असं स्वतःलाच सांगणारी कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. गप्प बसवलं की त्यांची कात्री वाकडी जायची. चिनू गणित करताना पुटपुटतो तेव्हा तो स्वतःचा हात धरून चालत असतो. आपण "मनात वाच" म्हणतो आणि तो हात सोडवतो. त्याचं मन अजून तेवढं बंद खोलीसारखं झालेलं नाही, ताई, त्याला अजून मोठ्याने विचार करावा लागतो. शाळेत इतरांना त्रास होत असेल तर कुजबुजायला शिकवा. घरी खुशाल बोलू द्या.

फ्लेव्हेल यांच्या प्रयोगाचा दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पुढच्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर पहिलीतली अशी मुलं निवडली जी आपणहून घोकत नव्हती. त्यांना सांगितलं, चित्रांची नावं स्वतःशी कुजबुजत राहा. मुलांनी तसं केलं आणि घोकणाऱ्या मुलांइतकंच त्यांच्या लक्षात राहिलं. कसलीच कमी नव्हती, फक्त युक्ती माहीत नव्हती. पण मग त्यांना सांगितलं, आता तुम्हाला हवं तसं करा. तेव्हा निम्म्याहून जास्त मुलांनी ते सोडून दिलं आणि पुन्हा विसरायला लागली.

"एकदा सांगितलं तर कळत नाही का?" हे आपलं ठरलेलं वाक्य. कळतं. पण या वयात कळलेली युक्ती आपणहून वापरणं हे वेगळं काम आहे आणि ते मागाहून येतं. तोवर ती आपण आठवून द्यायची. न वैतागता, शंभर वेळा. तुमचं अर्धं काम हेच आहे, आणि ते दमवणारं आहे, हेही मला माहीत आहे. नौपाड्यातून सहाला निघून घोडबंदरच्या गर्दीतून घरी पोचलेल्या बाईने हे करायचं म्हणजे सोपं नाही.

आता बूट, हात आणि डायरी. काहीतरी करता करता डोक्यात धरून ठेवायच्या गोष्टींसाठी माणसाकडे फार थोडी जागा असते. एकदाच ऐकलेले आकडे लगेच परत म्हणायला सांगितले तर मोठ्या माणसाला साधारण सात जमतात. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांनी हा सातचा आकडा प्रसिद्ध केला. सात वर्षांच्या मुलाला पाचच्या आसपास जमतात, आणि तेही शांत खोलीत, दुसरं काहीच करत नसताना. चिनू मात्र नुकताच स्कूलबसमधून उतरून आलाय. बुटाची वेलक्रो ओढताना स्टँडखाली कालची हरवलेली गाडी दिसते. हात आणि डायरी तिथेच वाहून जातात. तो तुमचं ऐकत नाही असं तुम्हाला वाटतं, पण त्याने ऐकलेलं असतं, धरून ठेवता आलेलं नसतं.

म्हणून तीन कामं सांगायचीच असतील तर बोटांवर सांगा: "तीन कामं. बूट, हात, डायरी." आणि त्याच्याकडून बोटांवरच वदवून घ्या. बोट मुडपलेलं दिसलं की राहिलेलं काम आठवतं. दूरच्या खोलीतून ओरडून सांगू नका. जवळ जा, खांद्याला हात लावा, त्याने तुमच्याकडे पाहिलं की मग बोला. आठवडाभरातच फरक कळेल.

बाटलीचं प्रकरण थोडं वेगळं. ती पुढे कधीतरी, घंटा वाजल्यावर, सगळा वर्ग दाराकडे धावत असताना आठवायची असते. अमेरिकेत १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन ते चार वर्षांच्या मुलांना आईला ठरावीक वेळी काहीतरी आठवण करून द्यायचं काम दिलं होतं. दुकानात गेल्यावर खाऊ घ्यायची आठवण करायची असेल तर दोन वर्षांची पोरंसुद्धा ती चोख करत. घरातलं कंटाळवाणं काम असेल तर विसरत. तुम्हीही हे अनुभवलं असेल, "येताना आइस्क्रीम घेऊ" म्हटलेलं कुठलं मूल विसरतं? तेव्हा चौथी बाटली घ्याल ती लांब पट्ट्याची घ्या आणि तो पट्टा दप्तराला कायमचा अडकवून टाका. आपणही मोबाईलवर गजर लावतो, फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवतो, आणि त्याला कोणी स्मरणशक्ती कमी आहे म्हणत नाही.

स्टेशनांकडे येते, कारण तुमचा खरा राग तिथे आहे. स्टेशनं येतात मग शुद्धलेखन का नाही?

१९७८ मध्ये मिशेलीन ची या संशोधिकेने बुद्धिबळ चांगलं खेळणारी मुलं, सरासरी दहाएक वर्षांची, आणि फारसं बुद्धिबळ न येणारी मोठी माणसं यांना समोरासमोर ठेवलं. पटावरची मांडणी थोडा वेळ दाखवून मग आठवून मांडायला सांगितली. मुलं जिंकली. मग आकडे लक्षात ठेवायला दिले, त्यात मोठी माणसं जिंकली. माणसं तीच, डोकी तीच. ज्याबद्दल आपल्याला खूप काही माहीत असतं, त्याला नवी गोष्ट चिकटते. मग सुटे सुटे तुकडे लक्षात ठेवावे लागत नाहीत, एकाला धरून दुसरा येतो.

ठाणे ते सीएसएमटी स्लो गाडीने एकोणीस स्टेशनं. आपल्याला ती एकोणीस नावं वाटतात, चिनूला तो एकच रस्ता आहे. घाटकोपरला मेट्रो दिसते, कुर्ल्याला गर्दी चढते, दादरला बाबा हात घट्ट धरतात. प्रत्येक नावाला एक चित्र आहे आणि पुढच्या नावाचा धागा आहे. शिवाय हे त्याने किती वेळा म्हटलं असेल याचा हिशेब तुमच्याकडे आहे का? खिडकीत बसून, आंघोळ करताना, झोपताना. तो कंटाळला नाही म्हणून ते आपल्याला पाठांतर वाटलं नाही. तेव्हा स्टेशनं येतात यावरून तो मुद्दाम विसरतो असं ठरत नाही. एवढंच ठरतं, की आवडीच्या गोष्टीवर आणि भरपूर आवर्तनांवर त्याची स्मरणशक्ती व्यवस्थित चालते.

आणि तो रस्ता तुम्ही वापरा. ठाणं सोडल्यावर पहिलं मुलुंड आणि दहावं माटुंगा. सातचा पाढा करायचाय? दर स्टेशनला सात माणसं चढतात. मुलुंडला सात झाली, नाहूरला चौदा, भांडुपला एकवीस, कांजूरला अठ्ठावीस, विक्रोळीला पस्तीस... माटुंगा आलं की सत्तर. अडला तर मागच्या स्टेशनवरून पुन्हा निघायचं. परतीच्या गाडीत माणसं उतरवा, म्हणजे पाढा उलटाही होईल.

पाढ्यांवरून सासूबाईंचं बोलणं. ते टोमणा म्हणून घेऊ नका, त्यात फार मोलाची माहिती आहे. चिनूच्या बाबांना तीसपर्यंत पाढे येत होते, पण कसे येत होते ते त्यांना विचारा. मला जवळजवळ खात्री आहे, की दिवेलागणीला शुभंकरोती झालं की परवचा व्हायचा. रोज. मोठ्याने. शेजारी कोणीतरी बसून, बरोबरीने म्हणत. कोणी त्याला "मनात म्हण" म्हटलं नसेल! जर्मनीतले हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरतं, आणि एकाच बैठकीत खूप आवर्तनं करण्यापेक्षा तीच थोडी थोडी वेगवेगळ्या दिवशी केली तर कमी कष्टांत टिकतं. आपल्या घरांतला परवचा म्हणजे रोजची थोडी थोडी उजळणीच होती. आपण तो सोडला आणि त्याऐवजी परीक्षेच्या आदल्या रात्री दोन तास मुलाला समोर बसवायला लागलो. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

तेव्हा ही जबाबदारी सासूबाईंना द्या. रोज दिव्याच्या वेळी आजी-नातवाने दहा मिनिटं एकत्र म्हणायचं, चूक झाली तर आजीने पुढचा शब्द फक्त सुचवायचा. "तुझ्या बाबाला येत होतं" हे वाक्य मात्र त्या दहा मिनिटांत नको. ते त्यांना तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांच्या लेकाने सांगितलं तर बरं.

अभ्यासाला तो कुठे बसतो ते तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये असतं तसं हॉलमधलं डायनिंग टेबल असेल तर आधी तिथून उठवा. आपण मोठी माणसं नको ते गाळून टाकतो, आपल्याला कुकरची शिट्टी ऐकू येऊनही येत नाही. मुलांची ही गाळणी वर्षानुवर्षं विणली जात असते, कारण मेंदूचा कपाळामागचा जो भाग लक्ष आवरतो तो पुरता पिकायला विशी ओलांडावी लागते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी बालवर्गातल्या मुलांना एकदा चित्रांनी, तक्त्यांनी भरलेल्या वर्गात शिकवलं आणि एकदा मोकळ्या भिंतींच्या वर्गात. भरलेल्या वर्गात मुलांचं लक्ष जास्त वेळा उडालं आणि त्यांना शिकवलेलंही कमी आलं. आपण हौसेने मुलांच्या टेबलासमोरच एबीसीडी, फळं, ग्रहगोल सगळं चिकटवतो. टेबल भिंतीकडे वळवा आणि ती भिंत रिकामी ठेवा.

याला एक दुसरी बाजूही आहे. २०१७ मधल्या एका प्रयोगात चार-पाच वर्षांच्या मुलांना आणि मोठ्यांना एकावर एक काढलेल्या आकृत्या दाखवल्या, आणि एकाच रंगाच्या आकृतीकडे लक्ष द्या म्हटलं. त्या आकृतीतला बदल ओळखण्यात मोठी माणसं सरस ठरली. ज्या आकृतीकडे बघायचं नव्हतं तिच्यातला बदल मात्र मुलांनी जास्त टिपला. ज्याला आपण लक्ष नाही म्हणतो ते पुष्कळदा सगळीकडेच असलेलं लक्ष असतं. चिनूला बाईंनी काय शिकवलं ते सांगता येणार नाही, पण वर्गात पाल कुठून कुठे गेली ते विचारा.

दहा मिनिटांचं म्हणाल तर वयाला दोनने गुणून मिनिटं काढायची जी सूत्रं फिरतात ती मी वापरत नाही. तेच मूल गाड्यांशी तासभर बसतं. दहा मिनिटं नीट बसत असेल तर दहा मिनिटं बसवा, उठवा, पाणी प्यायला लावा, पुन्हा दहा. आणि काही कामं टेबलावरून उठवून खरीखुरी करा. सोसायटीखालच्या वाण्याकडे त्याला चार वस्तू आणायला पाठवा, तुम्ही मागे उभ्या राहा. सोव्हिएत रशियात १९४८ मध्ये झिनाइदा इस्तोमिना यांना दिसलं होतं, की नुसती शब्दांची यादी म्हणून जेवढं लक्षात राहतं त्यापेक्षा दुकान-दुकान खेळताना मुलं जास्त लक्षात ठेवतात. १९८६ मध्ये अमेरिकेत हाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा निकाल उलटा आला, खेळापेक्षा धड्यातच जास्त लक्षात राहिलं, म्हणून खेळात घातलं की सगळं येतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण "मी हे का लक्षात ठेवतोय" हे मुलाला कळलेलं असावं, एवढं माझ्या अनुभवात पक्कं आहे. वाण्यापर्यंतच्या वाटेवर तो काय करतो तेही बघा. पुटपुटेल. "धने, मीठ, काडेपेटी, साबण. धने, मीठ..."

क्लासला घालू नका. २०१३ मध्ये मोनिका मेल्बी-लेर्व्हाग आणि चार्ल्स ह्यूम यांनी अशा स्मरणशक्ती-प्रशिक्षणावरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. ज्या खेळांचा सराव केला त्यात लोक काही काळ पुढे गेले, पण वाचन, गणित किंवा एकूण लक्ष यात त्यातून टिकाऊ फायदा दिसला नाही. अठरा हजार जपून ठेवा.

दोन गोष्टी मात्र टाळू नका. चिनूचे कान आणि डोळे तपासून घ्या. सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात कधी कधी पडद्यामागे पाणी साठतं, दुखत नाही, फक्त ऐकू कमी येतं, आणि घरचे म्हणतात हा लक्ष देत नाही. फळ्यावरचं दिसत नसेल तरीही हेच होतं. दुसरं, झोप. सहा ते बारा वयाला चोवीस तासांत नऊ ते बारा तास लागतात. सकाळच्या बससाठी सहाला उठणारं मूल रात्री नऊपर्यंत झोपी जायला हवं, आणि दिवसभर शिकलेलं मेंदूत पक्कं व्हायला झोपेचा मोठा हात असतो. बाबा दहाला घरी पोचतात म्हणून चिनू अकरापर्यंत जागा असेल तर भेटीची वेळ सकाळी ठेवा. तो रात्री मोठ्याने घोरत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल म्हणून लिहिते. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, आहे का हे एका पत्रावरून कोणी सांगू शकत नाही. तज्ज्ञ ते ठरवतात तेव्हा लक्षणं सहा महिने तरी सतत आहेत का, घर आणि शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसतात का, बारा वर्षांच्या आतली आहेत का, आणि त्यांच्यामुळे रोजचं जगणं अडतंय का, हे सगळं पाहतात. तुमच्या पत्रात शाळेतून आलेली एकही तक्रार नाही. बाईंना एकदा भेटा. त्याही हेच सगळं सांगत असतील, तो मित्रांमध्ये, खेळातही टिकत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा, आणि जायला लाजू नका. तपासून "काही नाही" कळलं तरी तुमची झोप परत येईल.

आता आजोबा. तुमच्या पत्रात याच जागी अक्षर बदललंय, म्हणून हे शेवटी आणि सावकाश लिहिते.

मोठ्या माणसांना विचारलं तर त्यांची सगळ्यात जुनी आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांची निघते. त्याआधीचं जवळजवळ सगळ्यांचंच पुसलेलं असतं, तुमचं आणि माझंही. लहान मुलांना आठवतच नाही म्हणून हे होतं असं नाही. तीन महिन्यांचं बाळसुद्धा पायाला रिबीन बांधून लाथ मारली की पाळण्यावरचं खेळणं हलतं हे काही दिवस लक्षात ठेवतं, कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांनी ते दाखवून दिलं आहे. मुलांना आठवतं, आणि मग ते विरतं. कधी विरतं, हे पॅट्रिशिया बाउअर आणि मरीना लार्किना यांनी पाहिलं. मुलं तीन वर्षांची असताना त्यांच्या आयांनी त्यांच्याशी नुकत्याच घडलेल्या प्रसंगांबद्दल गप्पा मारल्या, त्या नोंदवून ठेवल्या, आणि पुढे त्याच मुलांना त्याच प्रसंगांबद्दल पुन्हा विचारलं. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पाच, सहा, सात वर्षांच्या मुलांना तिसऱ्या वर्षातले साठ टक्के किंवा त्याहून जास्त प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चाळीस टक्क्यांहूनही कमी.

चिनू सव्वासात वर्षांचा आहे. दार लोटलं जातंय, पण अजून लागलेलं नाही.

"आजोबा आठवतात का?" हा प्रश्न मुलाला परीक्षेसारखा असतो. हो किंवा नाही. समोर आजीचे डोळे भरलेले. तो "नाही" म्हणणारच. १९९३ मध्ये इलेन रीस, कॅथरिन हेडन आणि रॉबिन फिवुश यांनी आया मुलांशी जुन्या गोष्टींबद्दल कसं बोलतात याचा पाठपुरावा केला. ज्या आया प्रसंग रंगवून सांगत, मुलाच्या एका शब्दाला धरून पुढे नेत, उलगडणारे प्रश्न विचारत, त्यांची मुलं पुढे स्वतःही जास्त भरभरून आठवून सांगायला लागली. नुसती उलटतपासणी करणाऱ्या आयांच्या मुलांचं तसं झालं नाही.

येत्या रविवारी चिनू आणि सासूबाईंना घेऊन संध्याकाळी तलावपाळीवर जा. गाडीतून एक चक्कर मारून परत येऊ नका. कोपिनेश्वराच्या देवळाच्या बाजूने चालत निघा, आजोबा ज्या रस्त्याने न्यायचे त्याच रस्त्याने. काही विचारू नका. सासूबाईंनी फक्त बोलावं: इथे आले की ते तुला कडेवरून खाली उतरवायचे, इथे उभं राहून तुम्ही दोघं बोटी बघायचात. कुठला वास, कुठला आवाज, त्यांचा सदरा कसला होता. मग थांबा. मुलांना आठवायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि आपण तो देत नाही. तो काही बोलला, अगदी भलतंच, "तिथे कुत्रा होता" एवढंच, तर "नाही रे, कुत्रा नव्हता" म्हणू नका. "हो का? मग आजोबा काय म्हणाले त्याला?" असं विचारा. पण त्याच्या तोंडी तुमचे शब्दही घालू नका. "आठवतं ना, आठवतं ना" असं चारदा विचारलं तर ते आजीला बरं वाटावं म्हणून तो हो म्हणेल.

आणि काहीच बोलला नाही, तर नाही. त्याला आजोबांचा चेहरा नसेल आठवत. पाण्याकडे बघत मोठ्या माणसाच्या खांद्यावर डोकं टेकायची सवय मात्र त्याच्या अंगात कदाचित तिथूनच आलेली असेल, आणि ती सासूबाईंना कुणी सांगायला लागणार नाही, तो शेजारी बसला की त्यांना कळेल. त्या दिवसापासून आजोबांची एकेक गोष्ट त्यांनी त्याला सांगत राहावी, परवच्यानंतर, दिवा लागलेला असताना. पुढे मोठेपणी त्याला यातलं आठवेल ते आजोबांचं असेल की आजीने सांगितलेलं, हे त्याला वेगळं करता येणार नाही. करायची गरजही नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आणि सातचा पाढा माटुंग्याला पोचला की कळवा.

तुमची ताई